कशासाठी, किती, कधीपर्यंत?

(हंगामाच्या उपकारस्तुतीनिमित्त अहिल्यानगर येथे झालेल्या महिला मंडळाच्या सभेत आमच्या एका कार्यकर्त्या भगिनीने केलेले भाषण, उपस्थितांच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)



दरवर्षी या सभेत मी अकोले तालुक्यातल्या पाड्यांवरच्या कामाचा अहवाल देते. वसतिगृहात मुलं किती आली, शिबिरं किती झाली, तुमच्या देणग्यांचा विनियोग कसा झाला, हे सांगते. यंदा पाळकसाहेबांची परवानगी घेऊन मी एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे, ती म्हणजे जीवनसत्त्वांच्या गोळ्या. तुम्ही म्हणाल, उपकारस्तुतीच्या सभेत हा कुठला विषय? पण यंदा तुमच्यापैकी काहींनी प्रेमाने पाठवलेले तीन खोके मी पाड्यावर वाटले नाहीत. ते का वाटले नाहीत, हे देणाऱ्यांना समोरासमोर सांगणं माझं कर्तव्य आहे.

त्या खोक्यांत काय होतं? बी-कॉम्प्लेक्सच्या अर्ध्या वापरलेल्या पट्ट्या, टॉनिकच्या बाटल्या, ड जीवनसत्त्वाच्या पुड्या, कॅल्शियमच्या गोळ्या. कोणाच्या तरी मुलाने परदेशातून पाठवलेली मल्टिव्हिटॅमिनची मोठी बाटली होती. लहान मुलांसाठीच्या चघळायच्या रंगीत गोळ्या होत्या, अगदी लिमलेटसारख्या. देणाऱ्यांचं मन मोठं आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. "ताकदीच्या गोळ्या आहेत, गरिबांच्या मुलांना मिळू द्या. फायदा नाही झाला तरी नुकसान काय?" असं एका बाईंनी मला फोनवर सांगितलं. काही वर्षांपूर्वी मीही हेच म्हणत होते. नुकसान काय, ते मला माझ्याच घरात कळलं. म्हणून आधी घरची साक्ष देते.

माझ्या आईचे गुडघे दुखायचे. डॉक्टरांनी रक्त तपासलं. ड जीवनसत्त्व फार कमी निघालं. त्यांनी 60,000 युनिटची पुडी लिहून दिली, आठवड्यातून एक, आठ आठवडे. चिठ्ठी बरोबर होती, आठ आठवडे स्पष्ट लिहिलेले होते. आईला बरं वाटलं. आठ आठवडे संपले तेव्हा ती म्हणाली, "पोरी, त्या पुड्यांनी ताकद येते गं, अजून आण." मी आणल्या. मेडिकलवाल्याने चिठ्ठी मागितली नाही आणि मीही डॉक्टरांना विचारलं नाही. पुढे आई आठवड्याऐवजी एक दिवसाआड घेऊ लागली, सोबत रोज कॅल्शियमची गोळी. मी कामानिमित्त राजूर, भंडारदरा असं फिरत असायचे. घरी आले की पुड्यांचा डबा भरून ठेवायचे. वर्षभर हे असंच चाललं.

मग आईचं पोट साफ होईना. सारखी तहान, रात्रीतून पाच-सहा वेळा लघवीला उठणं, अन्नावरची वासना गेलेली, ओकाऱ्या. आम्हाला वाटलं वयाचं असेल. एके दिवशी तिने मला माझ्या मावशीच्या नावाने हाक मारली आणि "सकाळ आहे की संध्याकाळ?" असं विचारू लागली, तेव्हा दवाखान्यात नेलं. रक्तातलं कॅल्शियम खूप वाढलेलं होतं आणि मूत्रपिंडांवर परिणाम झाला होता. डॉक्टरांनी विचारलं, "काय काय औषधं चालू आहेत?" मी रक्तदाबाची गोळी सांगितली. पुड्या सांगितल्याच नाहीत, कारण माझ्या लेखी ते औषधच नव्हतं. दुसऱ्या दिवशी आईच्या पिशवीतून रिकाम्या पुड्या निघाल्या, तेव्हा उलगडा झाला.

सलाइन लावली, पुड्या आणि कॅल्शियम बंद केलं, आणखी औषधं दिली. आई वाचली, प्रभूचे उपकार. पण ते जीवनसत्त्व अंगातून उतरायला कित्येक महिने लागले, आणि मूत्रपिंडं पहिल्यासारखी झाली नाहीत. त्या डब्यात पुड्या मी भरत होते. हे मी कोणावर ढकलू शकत नाही.

आता हिशेब पाहू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला रोज 600 ते 800 युनिट ड जीवनसत्त्व पुरतं. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय रोज 4,000 युनिटच्या वर जाऊ नये, ही मर्यादा अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2010 मध्ये घालून दिली. एका पुडीत 60,000 असतात. एक दिवसाआड एक पुडी म्हणजे रोजचे 30,000, गरजेच्या पस्तीस पटींहून जास्त. ज्याचं ड जीवनसत्त्व खरोखर कमी आहे, त्याला थोडे आठवडे मोठा डोस देऊन भरपाई करतात, ती योग्यच आहे. तीच भरपाई वर्षभर चालू ठेवली की विष होते. आणि हे फक्त आमच्याच घरी घडलं असं नाही. काश्मीरमधल्या डॉक्टरांनी असे रुग्ण पाहून वैद्यकीय नियतकालिकांत त्यांची नोंद केलेली आहे.

जीवनसत्त्वांचे ढोबळ दोन गट आहेत. ब गटातली आणि क ही पाण्यात विरघळतात. जास्त झालं तर बरंचसं लघवीवाटे निघून जातं. अ, ड, ई आणि के ही चरबीत विरघळतात. त्यांतलं अ यकृतात आणि ड चरबीत साठून राहतं. पाण्याचा माठ भरला की वरचं पाणी वाहून जातं. तेलाच्या बुधल्याला मात्र बाहेर जायला वाटच नसेल, तर ते आतच साचत राहणार.

म्हणून पाण्यात विरघळणारी सगळी निर्धोक, असंही समजू नका. ब6 चं उदाहरण घ्या. आपल्या पाड्यांवर क्षयाचे रुग्ण आहेत. त्यांना आयसोनियाझिड नावाचं औषध असतं, आणि त्याने नसांना इजा होऊ नये म्हणून डॉक्टर थोडं ब6 देतात, काही मिलिग्रॅम. पण 1983 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी सात रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. ही माणसं महिनोन् महिने रोज 2 ग्रॅम किंवा त्याहून जास्त ब6 घेत होती. त्यांचे हातपाय बधिर झाले आणि आधाराशिवाय चालता येईना. जे जीवनसत्त्व मापात दिलं तर नसा वाचवतं, तेच मापाबाहेर गेल्यावर नसा बिघडवतं. अर्थात दोन ग्रॅम कोणी सहसा घेत नाही. पण एक टॉनिक, एक बी-कॉम्प्लेक्स, एक "नसांची गोळी" आणि वर महिन्याला लाल इंजेक्शन, असं चालू असेल तर बेरीज कोण करतं?

दुसरं उदाहरण गाजराच्या रंगाचं, बीटा कॅरोटीनचं. भाज्या-फळं खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो असं दिसत होतं. म्हणून फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर पाच ते आठ वर्षं अभ्यास झाला. काहींना रोज 20 मिलिग्रॅम बीटा कॅरोटीनची गोळी दिली. 1994 मध्ये निकाल आला. गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग 18 टक्क्यांनी जास्त निघाला. गाजर खाऊन असं होत नाही. पण गाजरातून एकच गोष्ट काढून, तिची मोठी मात्रा रोज वर्षानुवर्षं दिली, की ती गाजरासारखी वागेलच असं नाही. आपल्या मंडळीतले विडी-सिगारेट ओढणारे बांधव जर "गोळी घेतो ना, मग काही होत नाही" असं म्हणत असतील, तर त्यांनी हे ध्यानात घ्यावं.

फॉलिक ॲसिडचंही सांगते. ब12 कमी असलेल्या माणसाने नुसतं फॉलिक ॲसिड घेतलं तर रक्त सुधारलेलं दिसतं, पण आत नसांचं नुकसान चालूच राहतं आणि ते उशिरा कळतं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं ब12 कमी होऊ शकतं. आपल्यात असे पुष्कळ आहेत. त्यांनी अंदाजाने गोळी न घेता तपासून घ्यावं. रक्त पातळ ठेवायची गोळी ज्यांना चालू आहे त्यांनी ई किंवा के असलेलं काहीही डॉक्टरांना न विचारता घेऊ नये.

आता पाड्यावर येऊ. काही वर्षांपूर्वी आपण एक शिबिर घेतलं. कोणीतरी अ जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल दिल्या होत्या. रातांधळेपणा जाईल, डोळे वाचतील, म्हणून पाड्यावरच्या सगळ्या लहान मुलांना द्यायचं मी ठरवलं होतं. मुलं रांगेत बसली होती. तेवढ्यात अंगणवाडीच्या ताई आल्या. त्यांनी मला बाजूला बोलावलं आणि हातातली माता-बाल संरक्षण कार्डं पुढे केली. "बाई, यांना तीन आठवड्यांपूर्वीच डोस पाजलाय. तुम्ही परत देताय ते कशाच्या हिशेबाने?"

माझ्याकडे हिशेब नव्हता. त्यांच्याकडे होता. आंधळेपणा टाळण्यासाठी सरकारने 1970 पासून हा कार्यक्रम चालवला आहे. नवव्या महिन्यात 1 लाख युनिट, मग दर सहा महिन्यांनी 2 लाख, पाच वर्षांपर्यंत एकूण नऊ डोस. सहा महिन्यांचं अंतर उगाच ठेवलेलं नाही. यकृत तो साठा करून ठेवतं आणि तो साठा काही महिने पुरतो. साठा भरलेला असताना वरून परत दिलं तर ओकाऱ्या, डोकेदुखी होते, तान्ह्या बाळाची टाळू फुगते. असं वारंवार होत राहिलं तर यकृताला इजा होते. गरोदर बाईला तर पहिल्या महिन्यांत अ जीवनसत्त्वाचे मोठे डोस मुळीच देऊ नयेत, पोटातल्या बाळात व्यंग येऊ शकतं. त्या दिवशी मी कॅप्सूल परत पिशवीत भरल्या. ताईंचे आभार मानले. पण खरं सांगते, तेव्हा मनातून मला थोडा रागच आला होता. आईच्या आजारपणानंतर तो राग गेला.

लोहाच्या गोळ्या जीवनसत्त्वात मोडत नाहीत, पण त्याच डब्यात असतात म्हणून सांगते. गरोदर बाईला मिळणाऱ्या एका लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं. ती तिच्यासाठी अमृत आहे. पण तीच पट्टी खाटेवर राहिली आणि दहा किलो वजनाच्या बाळाने गोड समजून दहा गोळ्या खाल्ल्या, तर त्याचा जीव जाऊ शकतो. पाड्यावरच्या घरात कुलूपबंद कपाट नसतं. म्हणून आम्ही आता सांगतो, पट्टी फडताळात किंवा आढ्याला टांगलेल्या पिशवीत ठेवा, बाळाचा हात पोचणार नाही अशी. आणि सिकलसेलचा रुग्ण असेल तर त्याला फॉलिक ॲसिड लागतं, पण लोह तपासणीशिवाय द्यायचं नाही. ज्याला वारंवार रक्त चढवावं लागतं त्याच्या अंगात लोह आधीच साचत असतं.

मात्र एक विनंती. माझ्या बोलण्याचा उलटा अर्थ घेऊ नका. गरोदर बाईने लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या घ्यायच्याच आहेत. शाळेतल्या मुलींनी आठवड्याची निळी गोळी घ्यायचीच आहे. अंगणवाडीतला अ जीवनसत्त्वाचा डोस चुकवायचा नाही. ज्यांना डॉक्टरांनी ब12 आयुष्यभर सांगितलं आहे, त्यांनी आयुष्यभर घ्यायचं. या गोष्टींना माप आहे, नोंद आहे, कोणीतरी जबाबदार आहे. पाड्यावर आधीच "गोळीने बाळ काळं होतं" असल्या अफवा फिरतात. त्यांत आपली भर नको. माझी तक्रार फक्त त्या गोळीबद्दल आहे, जिच्यावर कोणाचं लक्ष नाही आणि जिला शेवट नाही.

मग खोके नाही तर काय द्यायचं? अकोल्याच्या पाड्यांवर नागलीची भाकरी असते. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. शेवग्याचा पाला, कुर्डू, टाकळा अशा पावसाळी भाज्या असतात. पालेभाजीतला कॅरोटीन शरीर गरजेपुरताच अ जीवनसत्त्वात बदलतं. म्हणून भाजी खाऊन अ जीवनसत्त्वाची विषबाधा होत नाही. याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणं जपलं, वालाघेवड्याचे कितीतरी वाण सांभाळले, परसबागा उभ्या केल्या. 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेची पायरी न चढलेल्या या बाईने जे केलं त्यात माझ्या तिन्ही खोक्यांहून जास्त पोषण आहे. सरकारची अमृत आहार योजनाही आहे, आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं पूर्ण जेवण. ते जेवण वेळेवर मिळतंय की नाही, हे पाहायला जाणारी माणसं आम्हाला हवी आहेत.

आणि आपल्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जामखेड आहे. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने तिथे काम सुरू केलं. 1979 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांनी गावातल्या साध्या बायकांना, त्यांतल्या कित्येक निरक्षर, आरोग्याचं ज्ञान दिलं. औषध डॉक्टरांच्या हातात राहिलं तरी समज बाईच्या हातात असू शकते, हे त्यांनी दाखवलं. माझ्या पाड्यावरच्या त्या अंगणवाडीच्या ताईंकडे हीच समज होती. माझ्याकडे पदविका होती आणि पिशवीभर कॅप्सूल होत्या.

त्या दिवसापासून आम्ही पाड्यावर तीन प्रश्न शिकवतो. कोणतीही गोळी, पुडी, सुई पुढे आली की विचारायचं: कशासाठी? किती? कधीपर्यंत? लिहिता-वाचता न येणारी आजीही बोटांवर मोजून हे तीन प्रश्न विचारते. बाहेरून येणारा एखादा "सुई घे, ताकद येईल" म्हणाला, तर आता ती विचारते, "कशासाठी रं बाबा?" हेच प्रश्न मी आज तुमच्या घरी पाठवते आहे.

रानात इस्राएल लोकांना मान्ना मिळाला तेव्हा तो माणशी मापाने गोळा करायचा होता. ज्यांनी उद्यासाठी म्हणून जास्तीचा ठेवला, त्यांच्या मान्न्यात सकाळी किडे पडले. चांगल्या वस्तूलाही माप असतं, हे मी पुष्कळ वेळा संडेस्कूलच्या मुलांना शिकवलं आहे. स्वतःच्या घरातल्या डब्याला ते लावायला मला उशीर झाला.

तर माझ्या दोन विनंत्या. पहिली, आज घरी गेल्यावर सगळ्या गोळ्या, पुड्या, टॉनिक, मुलाने पाठवलेली बाटली, आयुर्वेदिक म्हणून घेतलेलंसुद्धा, एका पिशवीत भरा आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना ती पिशवी सोबत न्या. "हे औषध नाही" असं म्हणून काही लपवू नका, मी लपवलं तसं. आणि डॉक्टरांनी काही आठवड्यांसाठी दिलं असेल तर कॅलेंडरवर शेवटच्या तारखेला खूण करा.

दुसरी, उघडलेल्या पट्ट्या आणि बाटल्या आम्हाला पाठवू नका. मला ठाऊक आहे, यावरून काहींचं मन दुखावेल. त्या खोक्यांच्या पैशांत तुम्ही नागलीचं पोतं, शेंगदाणे, अंडी, परसबागेचं बियाणं देऊ शकता, किंवा एखाद्या बाईला रक्त तपासायला राजूरला जायचं जीपभाडं. या वर्षी नऊ जणींना आम्ही असं नेलं. त्यांतल्या दोघींना खरोखर गोळ्यांची गरज निघाली. त्यांना त्या मिळाल्या, मापाने आणि डॉक्टरांच्या नजरेखाली. बाकीच्या सातजणींना आम्ही शेवग्याची रोपं दिली.

माझी आई आज या सभेत मागे बसली आहे. तिच्याच परवानगीने मी हे सगळं सांगितलं. सभा संपल्यावर तिला भेटा. पण तिला कोणतं टॉनिक चांगलं, ते मात्र विचारू नका.